खांब काढला, पण ओझं कुठं गेलं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भांडी आवरून बसली असाल, कुणी नुकत्याच रानातून आला असाल, काहीजणी गटाच्या बैठकीत मिळून ऐकत असाल. आज मी घराच्या मधल्या खांबाबद्दल बोलणार आहे.

आपल्या भागात अजून पुष्कळ घरं माळवदाची आहेत. काही गावांत त्याला धाब्याचं घर म्हणतात. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या आणि वर मातीचा थर. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो. घर केवढं हे विचारलं की जुनी माणसं फुटांत सांगत नाहीत, पाच खणी, नऊ खणी असं सांगतात. घराची मोजणीच खांबांवरून झालेली आहे.

पण आता हाच खांब आडवा येतो. खोलीत कपाट लावायचं असतं, पलंग टाकायचा असतो. गटाच्या बायांना चार शिलाई मशीन मांडायच्या असतात. घरात लग्न निघतं, आणि दहा माणसं एकत्र बसली की दोघांची तोंडं खांबाआड जातात. मग कुणीतरी म्हणतं, हा खांब काढून टाकू आणि एकच लांब तुळई घालू, खोली मोकळी होईल. हे होऊ शकतं. पण ते कसं करतात हे माहीत नसलं तर काय होतं, ते मी माझ्या घरावरून सांगते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. मधली खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. बरोबर मध्यावर एक सागाचा खांब. घरातल्या पुरुषांनी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. चहा झाला, बोलणं झालं, भाव ठरला. आम्हा बायकांना कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगते, आम्हालाही मोकळी खोली हवीच होती. मिस्त्रीनं दोन दिवसांत खांब काढला. जुन्या तुळईच्या जागी बाभळीची बारा फुटी नवी तुळई घातली आणि तिची दोन्ही टोकं दोन भिंतींत दगड काढून बसवली. लग्न छान झालं.

पहिल्या पावसाळ्यात काही कळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचं दार लागेना. सासूबाई म्हणाल्या, "दार रुसलंय." पुरुष म्हणाले, पावसात लाकूड फुगतं, सुकलं की होईल नीट. मग परातीत पीठ मळताना वरून मातीची भुकटी पडायला लागली. मी रोज परातीवर फडकं टाकायची. एका सकाळी झाडताना पाहिलं, तर तुळईचं टोक ज्या भिंतीत होतं तिथून खाली सरळ तडा गेलेला, आणि त्याच्या बाजूचा भिंतीचा भाग पोटासारखा पुढं आलेला. त्या भिंतीला लागून माझी लेकरं झोपत होती.

त्याच दिवशी आम्ही त्या खोलीतलं सामान बाहेर काढलं आणि तुळईखाली टेकू दिले. तालुक्याहून एक स्थापत्य अभियंता आणला. त्यानं आम्हाला अंगणात बसवून एक काठी आणि पाण्याचा लोटा घेऊन सगळं समजावलं. पुढं मी गवंडीकामाचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा तेच पुन्हा शिकले. आज तेच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट ओझ्याची. माळवदावर किती वजन आहे, हे आपल्याला घरीच काढता येतं. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच एवढी चोपलेली माती जवळजवळ ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे साधारण सिमेंटची एक गोणी. आमची खोली बारा बाय दहा, म्हणजे १२० चौरस फूट, आणि वर माती एक फूट. म्हणजे आमच्या डोक्यावर १२० गोण्या होत्या. सहा टन, साठ क्विंटल. लाकडाचं वजन त्यात धरलेलंच नाही. माती ओली झाली की भर आणखी वाढते. शिवाय आपण दरवर्षी मिरगाच्या आधी गळती थांबवायला वर नवी माती टाकतो आणि जुनी काढत नाही. आजेसासऱ्यांच्या काळात जे माळवद एक फुटाचं होतं ते आज दीड फुटाचं असू शकतं. तेवढ्याच खोलीवर मग १८० गोण्या होतात.

आता हे ओझं जमिनीपर्यंत कसं जातं ते पाहू. तुळई खोलीच्या मधून, लांबीच्या दिशेनं जाते. तिच्या दोन्ही बाजूंना कड्या. प्रत्येक कडीचं एक टोक तुळईवर, दुसरं कडेच्या भिंतीवर. म्हणून १२० गोण्यांपैकी निम्म्या, ६० गोण्या कडेच्या दोन भिंतींकडे जातात. उरलेल्या ६० तुळईवर येतात. तुळईखाली मध्ये खांब असला तर त्यातल्या ३० खांबावर येतात आणि दोन टोकांना १५-१५. म्हणजे आम्हाला आडवा येणारा तो खांब पिढ्यान्‌पिढ्या दीड टन ओझं घेऊन उभा होता.

खांब काढला की त्या ३० गोण्या कुठं जातात? त्या दोन टोकांकडे जातात. जिथं १५ होत्या तिथं आता ३० झाल्या. दोन बायका काठीला अडकवून जड घागर नेतात, आणि तिसरीनं मधून हात दिलेला असतो. तिसरीनं हात काढला की घागर हलकी होत नाही, दोघींचे खांदे भरून येतात. आमच्या भिंतीचं तेच झालं.

दुसरी गोष्ट तुळईची. पुष्कळांना वाटतं, खण दुप्पट झाला तर तुळई थोडी जाड घेतली म्हणजे भागलं. इथंच हिशेब चुकतो. करून पाहा. बांबूची एक लांब पातळ कांब घ्या. दोन विटा हातभर अंतरावर ठेवा, त्यांवर कांब टाका आणि मध्ये दोरीनं पाण्याचा लोटा टांगा. किती वाकली ते बघा. आता विटा दोन हात अंतरावर न्या. कांब तीच, लोटा तोच. आता ती दुप्पट वाकेल असं वाटतं, पण ती जवळजवळ आठपट वाकते.

घरात तर याहून जास्त होतं, कारण तुळईची मोकळी लांबी वाढली की तिच्यावरची मातीही वाढते. सहा फुटांच्या खणावर होती त्याच्या दुप्पट माती बारा फुटांवर येते. म्हणून आठाचे सोळा होतात. तीच तुळई तशीच ठेवून मधला खांब काढला तर ती सोळापट वाकायला बघते. आणि मोडण्याचा जो ताण तिच्या पोटात येतो तो चौपट होतो. हा हिशेब लाकडाला, लोखंडाला आणि काँक्रीटला सारखाच लागू आहे.

यावर उपाय कसा, तेही कांबीनंच कळतं. तीच कांब आडवी न ठेवता कडेवर उभी धरा. लगेच ताठ होते. तुळईची ताकद तिच्या रुंदीपेक्षा उंचीवर जास्त अवलंबून असते. तीन इंच बाय सहा इंचाचं लाकूड आडवं टाकण्यापेक्षा उभं बसवलं तर दुप्पट ओझं पेलतं आणि वाकतं पावपट. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते. म्हणजे सहा फुटांच्या खणाला सहा इंच उंचीची तुळई होती, तर बारा फुटांना बारा इंच उंचीची घेतल्यावर मोडण्यापुरती बरोबरी होते. तरी वाक आधीच्या दुप्पट राहतोच. पूर्वीइतकी ताठ हवी असेल तर रुंदीही दुप्पट करावी लागते. एवढं लाकूड आज मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. शिवाय एक फूट उंचीची तुळई खाली आली की ठेंगण्या घरात डोक्याला लागते. म्हणून आता बहुतेक ठिकाणी लोखंडी गर्डर घालतात. तो उभ्या आय आकाराचा असतो, कमी उंचीत जास्त ताकद देतो.

किती मापाचा गर्डर, हे मी इथं सांगणार नाही. तुमच्या खोलीची लांबी वेगळी, मातीचा थर वेगळा. शेजारणीच्या घरी घातला तोच आणला, असं करू नका. खोलीची मापं, मातीची जाडी आणि खांबांचा साधा नकाशा वहीत काढून अभियंत्याकडे न्या. तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे करणारे अभियंते बसतात. त्यांची फी घराच्या कामापुढं थोडी असते. आणि त्यांनी घरी येऊन बघावं असा आग्रह धरा.

तिसरी गोष्ट भिंतीची. आपल्या भागासाठी ही सगळ्यात महत्त्वाची आहे.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या जरा आधी जमीन हलली. सुमारे ८,००० माणसं गेली. त्यातली पुष्कळ दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन गेली. पुढं अभियंत्यांनी घरं तपासली तेव्हा एक गोष्ट दिसली. काही घरांच्या भिंती बाहेर कोसळल्या होत्या, पण आतले लाकडी खांब आणि त्यांवरचं माळवद जागेवर उभं होतं. जिथं माळवदाचा भार भिंतीवरच टेकलेला होता, तिथं भिंत गेल्यावर सगळंच खाली आलं.

याचं कारण असं की आपल्या जुन्या भिंती बाहेरून जाड दिसतात, पण आतून दोन वेगळे पापुद्रे असतात. आतला एक, बाहेरचा एक, आणि मध्ये माती आणि दगडगोट्यांचा भराव. दोन्हींना आरपार बांधणारे लांब दगड पुष्कळदा नसतात. अशा भिंतीवर एका जागी जड ओझं टेकवलं तर पापुद्रा फुगतो. आमच्या भिंतीचं पोट पुढं आलं ते यामुळंच. जुन्या सुतारांनी भिंत एवढी जाड असूनही तिला लागून किंवा तिच्या पोटात लाकडी खांब उभे केले होते. माळवदाचा भार लाकडी सांगाड्यानं घ्यायचा आणि भिंतीनं ऊन, वारा, चोर अडवायचा, अशी ती रचना होती. मिस्त्रीनं मधला खांब काढला आणि तुळईची टोकं भिंतीत खुपसली, तेव्हा त्यानं सांगाड्याचं काम भिंतीला दिलं.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. नवी तुळई लाकडाची असो की लोखंडाची, तिच्या दोन्ही टोकांखाली खांब हवेत. भिंतीला लागून उभे केले तर खोलीची जागा फारशी जात नाही. प्रत्येक खांबाखाली पाया हवा. जुना तळखडा मधल्या खांबाचा होता, टोकाच्या नव्या खांबाला नुसता एक दगड ठेवून भागत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर खांब वरखाली होतो. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीटची बैठक करावी लागते.

खांब आणि तुळई एकमेकांना बोल्टनं घट्ट बांधलेली हवीत, नाहीतर जमीन हलली की तुळई बैठकीवरून सरकते. आणि दोघांच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्यावेत. भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणाचं काम झालं तेव्हा हेच सांगत होते: माळवदावरची जादा माती कमी करा, खांब-तुळईला तिरपे आधार द्या, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा. त्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांनी संवाद सहायक म्हणून घरोघरी जाऊन हे समजावलं होतं. घर बांधण्यातलं आपल्याला काय कळतं, असं कुणी म्हटलं तर त्या बायकांची आठवण करून द्या.

आता खांबाकडे वळू. काढण्याआधी आपण स्वतः काय बघायचं?

दिवसा उजेडात शिडी लावा आणि खांबाच्या डोक्याशी बघा. तिथं तुळईचा जोड आहे का? पुष्कळ घरांत तुळई अखंड नसते. सहा-सहा फुटांचे दोन तुकडे बरोबर खांबाच्या डोक्यावर जोडलेले असतात. असा खांब काढला तर वाकायची वेळच येत नाही, दोन्ही तुकडे तिथंच खाली येतात. खांबाच्या डोक्यावर नक्षीचा आडवा हस्त असेल तर जोड त्याच्या आड लपलेला असतो. तुळईला वाळवी लागली आहे का, हे सुरीचं टोक टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर आतून पोकळ आहे. वर माळवदावर चढून एका कोपऱ्यात सळई खुपसा आणि मातीचा थर किती जाड आहे ते मोजा. खांबाच्या वर दुसरा मजला, बळद किंवा पाण्याची टाकी असेल तर ते अभियंत्याला आधी सांगा.

"हा खांब नुसता शोभेचा आहे" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जुन्या घरात शोभेचा खांब क्वचितच असतो.

कौलारू घर असेल तर वरचं ओझं माळवदापेक्षा पुष्कळ कमी असतं, पण खांबावर आढं आणि वासे टेकलेले असतात, म्हणून नियम तोच. सिमेंटच्या स्लॅबच्या घरातला काँक्रीटचा कॉलम मात्र कुणाच्याही सांगण्यावरून फोडू नका. त्याच्या आतल्या सळया वरच्या बीममध्ये आणि खालच्या पायात गुंतलेल्या असतात. तो प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधी बोलू.

आता कामाचा क्रम. आमच्या घरी दुसऱ्यांदा काम झालं ते या क्रमानं झालं, म्हणून सांगते.

काम उन्हाळ्यात धरलं, संक्रांतीनंतर आणि मिरगाच्या आधी. पावसाळ्यात हे काम काढू नये. पहिल्यांदा माळवदावरची माती उतरवली. ती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची, एका बाजूचीच काढली तर भार कलतो. काढलेली माती वरच एका जागी ढीग करून ठेवायची नाही, खाली न्यायची. आमच्या वर दीड फूट माती निघाली. घरातली माणसं आणि जनावरं आधीच दुसरीकडे हलवली होती, आणि काम संपेपर्यंत त्या खोलीत कुणी झोपलं नाही.

मग टेकू. तुळईच्या दोन्ही बाजूंना, दोन-दोन फुटांवर, टेकूंच्या दोन रांगा उभ्या केल्या. सेंट्रिंगवाल्यांकडे लोखंडी जॅक भाड्यानं मिळतात, तेच आणले. वर कड्यांखाली आडवी मजबूत फळी आणि खाली जमिनीवरही जाड फळी. सारवलेल्या जमिनीवर जॅक नुसता ठेवला तर तो खाली रुततो. आणि एक गोष्ट जी बाहेरच्या मिस्त्रीला माहीत नसते: घरात जुनं पेव आहे का? आमच्या त्या खोलीत होतं, बुजवलेलं. सासूबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. पेवावर टेकू दिला असता तर तो आत गेला असता. जॅक फिरवून टेकू फक्त घट्ट करायचे असतात, माळवद वर उचलायचं नसतं. उचललं की भिंती तडकतात.

टेकू लागल्यावर टोकांचे पाये खणून काँक्रीट भरलं आणि ते पक्कं होऊ दिलं. मग टोकांचे खांब उभे राहिले, जुनी तुळई निघाली आणि गर्डर चढला. गर्डरला गंज न लागणारा रंग आधीच दिला होता, कारण वर चढल्यावर त्याची पाठ रंगवता येत नाही. गर्डर आणि कड्या यांच्यामध्ये फट राहिली तिथं लोखंडी पट्ट्यांच्या पाचरी ठोकल्या. प्रत्येक कडी गर्डरवर नीट टेकायला हवी. एखादी लोंबती राहिली तर तिचं ओझं शेजारच्या कडीवर जातं.

शेवटी टेकू काढले, तेही एकदम नाही. आधी सगळे थोडे सैल केले, एक दिवस थांबलो, गर्डर किती वाकला ते दोरी ताणून पाहिलं, मग काढले. कुणी गर्डरऐवजी जागेवरच काँक्रीटचा बीम भरणार असेल तर घाई मुळीच नको. बारा फुटांच्या बीमखालचे टेकू निदान १४ दिवस ठेवावे लागतात आणि तोवर रोज पाणी मारावं लागतं. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. "तीन दिवसांत मोकळं करून देतो" असं म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नका.

वर माती पुन्हा टाकताना दीड फुटांऐवजी सहा इंचच टाकली. गळू नये म्हणून मधल्या थरात जाड प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पाण्याला पन्हाळीकडे उतार दिला. आता आमच्या खोलीवर १८० गोण्यांच्या जागी ६० आहेत. पुढं गळलं तर जुनी माती काढल्याशिवाय नवी टाकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

या सगळ्याला पैसा लागतो. पहिल्या कामाचा खर्च वाया गेला, दुसऱ्या कामाला मी गटाचं कर्ज काढलं. म्हणून गटातून घरदुरुस्तीला कर्ज देताना कर्ज मागणाऱ्या बाईला काही प्रश्न विचारा, असं माझं सांगणं आहे. तिनं ते मिस्त्रीला विचारावेत आणि उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत.

हा खांब किती ओझं घेतोय आणि काढल्यावर ते कुठं जाणार? नवी तुळई किती मापाची आणि ते माप कुणी काढलं? तिच्या टोकांखाली काय आहे, भिंत की खांब? खांबाखाली पाया किती खोल? काम चालू असताना टेकू किती आणि कुठं? टेकू कधी काढणार? वरची माती किती कमी करणार?

मिस्त्री चांगला असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही, उलट तो बसून समजावेल. जो म्हणेल, "बाई, तुम्ही चहाचं बघा," त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

काम झाल्यावरही घराकडे लक्ष ठेवा. पहिला पावसाळा आणि दुसरा पावसाळा, दोन्ही. दार-खिडकी अडायला लागली, वरून भुकटी पडायला लागली, तुळईच्या टोकाशी तडा दिसला, भिंतीला पोट आलं किंवा तुळई मध्ये खाली आलेली दिसली, तर लाकूड फुगलं असेल म्हणून सोडून देऊ नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खूण करा, तारीख लिहा आणि आठवड्यानं मोजा. अंतर वाढलं असेल तर त्याच दिवशी खोली रिकामी करा, टेकू द्या आणि अभियंत्याला बोलवा. घरात दिवसभर वावरतो आपण. दार कधी अडलं आणि पिठात माती कधी पडली, हे आपल्यालाच आधी कळतं. ते मोठ्यानं सांगा.

एक शेवटचं. दर वेळी खांब काढलाच पाहिजे असं नाही. आमच्या शेजारणीनं हा सगळा हिशेब ऐकला, खर्च मोजला आणि खांब तसाच ठेवला. माळवदावरची माती तेवढी निम्मी केली. खांबाला फळ्या ठोकून लेकरांच्या वह्यापुस्तकांची मांडणी केली आणि उरलेल्या पैशात शिलाई मशीन घेतली. तिचं घर आधीपेक्षा मजबूत झालं आहे, आणि तिला कर्जही झालं नाही. मला तिचा निर्णय चुकीचा वाटत नाही.

आमचा काढलेला सागाचा खांब आता गोठ्यात उभा आहे. तिथंही त्याच्या डोक्यावर ओझं आहेच. मधल्या खोलीत दर गुरुवारी गटाची बैठक असते, वीसजणी मोकळ्या बसतात. नवी कुणी आली की आधी वर गर्डरकडे बघते आणि मग टोकाच्या खांबाला हात लावून बसते. मी तिला बांबूची कांब आणि लोटा आणून देते.

तुमच्या घरात खांब काढायचं चाललं असेल तर आज संध्याकाळी मोजपट्टी घ्या, खोली मोजा, मातीची जाडी बघा आणि किती गोण्या भरतात ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीत ती वही घेऊन या.